डावी कूस

“वाघीण तीच आहे ना ताई, फक्त तोंड फिरवलं,” केंद्राचा व्यवस्थापक जितेंद्र म्हणाला. “आधी दाराकडं पाहून राहिली होती. आता मंत्रीसाहेबांच्या फोटोकडं पाहते.”

देवकीताई फलकाजवळ गेल्या. नागपूरबाहेरच्या या जंगल-माहिती केंद्राचं उद्घाटन तासाभरावर आलं होतं, आणि भिंतीवर त्यांनी काढलेलं वाघिणीचं चित्र आरशातल्यासारखं उलटं छापून लावलं होतं. सही तेवढी कापून सुलटी चिकटवलेली. म्हणजे नजरचूक नव्हती. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं: ‘हिला पट्ट्यांवरून ओळखा.’

“वाघाच्या दोन कुशींचे पट्टे सारखे नसतात, जितेंद्र. मी हिची डावी काढली. उजवीचा एकही स्वच्छ फोटो मिळाला नाही, म्हणून काढली नाही. मग ही कूस कोणाची?”

“लोक काय पट्टे मोजून राहिले?”

“मी मोजले ना. चार महिने तेच करून राहिली होती.”

चाळीस वर्षं त्या मोजूनच रंगवत आल्या होत्या. माशाचे खवले, घारीची पिसं, कोळ्याचे डोळे. न पाहिलेलं रंगवा म्हणणाऱ्यांची कामं त्यांनी सोडून दिली होती.

वनरक्षक रुपराव मागे उभा होता. नऊ वर्षं तो या वाघिणीच्या मागावर फिरला होता; मागच्या उन्हाळ्यात ती रस्त्यावर मेलेली त्यालाच दिसली होती.

“बाई,” तो हळूच म्हणाला, “हे आपली नाही.”

“फलक उतरवा,” देवकीताई म्हणाल्या.

“आता? पाहुणे निघाले तिकडून! अन् बाकीचे सहा फलकबी तुमच्याकडंच यायचे आहेत. विचार करा ताई.”

“नका देऊ.”

त्यांनी पिशवीतून बदामी रंगाची ट्यूब काढली, रुंद ब्रश काढला आणि स्टूल ओढलं.

“अहो, काय करून राहिल्या!”

“जे मी पाहिलं नाही, ते पुसून राहिली.”

खांद्यावरचा पहिला पट्टा झाकला गेला. मग दुसरा. रुपराव पुढे झाला आणि डुगडुगणारं स्टूल त्याने दोन्ही हातांनी धरलं.

“रुपराव! नोकरी आहे ना तुले?”

“आहे ना साहेब. म्हणूनच धरून राहिलो. बाई पडल्या त तुमच्यावरच येईल.”

पाहुण्यांची गाडी फाटकातून आत आली, तेव्हा पोटाजवळचे तीन पट्टे उरले होते. देवकीताईंनी मागे वळून पाहिलं नाही. गुडघा भिंतीला टेकवला आणि कडेपासून, रेषेबाहेर रंग न सांडता, पुढचा झाकायला घेतला.