डावीकडचा वण

बायको गेली हे कळलं तेव्हा मी कांद्याच्या वाफ्यांना पाणी देत होतो. थोरला भाऊ बांधावरूनच ओरडला, "खोरं टाक आणि चल. धाकटी अंगणात पडली. उठत नाही."

पोचलो तेव्हा तिला आतल्या खोलीत निजवलं होतं. वहिनीनं तिचं तोंड पुसलं आणि मला बाजूला घेतलं.

"भावजी, ओठावर गोल वण कसला? हात उगारलात काय?"

"मी? तिच्यावर?"

"मग आपोआप उमटला?"

वाकून पाहिलं. वरच्या ओठावर, मधोमध नाही, जरा डावीकडे, अंगठीएवढा लाल वण. गावच्या बँडमध्ये मी वीस वर्षं ट्रम्पेट वाजवतो. ट्रम्पेटचं तोंड ओठावर दाबलं की असा वण पडतो, हे मला सांगायला नको. पण ती तर ट्रम्पेट पुसायची तेवढी. आणि आठवड्यापूर्वीच म्हणाली होती, "गाल फुगवू नका हो, ओठाचे कोपरे आवळून धरा." हे बोलणं बँडमास्तरचं. हिच्या तोंडात कसं आलं?

माझ्या मनात किडा शिरला तो शिरलाच. तिला पोचवून आलो तरी रडू येईना.

तिसऱ्या दिवशी मास्तर भेटायला आला. ओसरीवर माणसं बसलेली.

"मास्तर, मी शेतात गेलो की तुम्ही इथं शिकवायला यायचात ना?"

"कुणाला?"

"तिच्या ओठाच्या डाव्या बाजूला वण होता. आणि कोपरे आवळा म्हणून मला सांगत होती."

मास्तर चिडला नाही. "ते तर मी चौकात वीस वर्षं ओरडून सांगतोय. सगळ्या गावाला पाठ आहे, तुला सोडून." मग स्वतःचा ओठ पुढं केला. "वण दिसतो? जोर पोटातून लावायचा, ओठावर दाबायचं नाही. मी शिकवलं असतं तर तिला वण पडला नसता. तुझा दात बैलानं पाडला म्हणून तू ट्रम्पेट डावीकडे सरकवून वाजवतोस. तिचे दात शाबूत होते ना? मग तिनं कशाला सरकवावं? तुझं बघून शिकली ती, खोडीसकट."

शेजारची म्हातारी कपाळावर हात मारून म्हणाली, "अगं बाई! दुपारची गोठ्यातून हंबरायची ती हीच होय? मी मेली गाईचं पोट दुखतंय म्हणून औषध नेऊन दिलं. तिनं मुकाट्यानं घेतलं की!"

कुणीतरी हसलं. मला तेव्हा रडू फुटलं.

मास्तर पाण्याला न शिवता उठून गेला. त्याला महिना झाला. वहिनीला मी खरं काय ते सांगितलं. मास्तरची माफी मागायची अजून राहिली आहे.