आतल्यांना त्रास होतो

सातपूरच्या त्या लहानशा कारखान्यात शाळांसाठी पडदा आणि डीव्हीडी एकत्र असलेली यंत्रं बनत, आणि झाकण उघडताच आतला लेझर आपोआप विझतो की नाही, हे पाहण्याचं काम सहादू अकरा वर्षं कंत्राटावर करत आला होता. काम सोपं होतं. यंत्र चालू करायचं, झाकण उघडायचं, मीटर आत धरायचा, शून्य दिसलं की वहीत सही, आणि झाकणावर 'धोका, लांब राहा' असा पिवळा कागद चिकटवायचा. पडदा बघायचा नाही. पडदा पायलच्या टेबलावर, तोही झाकण लावून तपासला जाई, आणि दुसऱ्याच्या टेबलात नाक खुपसायचं नाही असा तिथला शिरस्ता होता. पण त्या शनिवारी पायल रजेवर गेली आणि दोन्ही टेबलं सहादूकडे आली. कळवणच्या शाळांची यंत्रं आज वेळेत गेली, तर सोमवारी तो कायम होणार होता.

पहिल्याच यंत्राचं झाकण त्याने उघडलं. तबकडी थांबली, मीटरवर शून्य आलं. पडद्यावरचे चाचणीचे रंगीत पट्टे गेले, ते जायलाच हवे होते, पण त्यांच्या जागी एक वर्ग दिसू लागला. तिसरी-चौथीतली मुलं बाकांवर बसून समोर, म्हणजे सहादूकडे, तोंड करून होती आणि सगळ्यांनी डोळ्यांवर हात धरले होते.

त्याने झाकण लावलं. हात खाली आले. उघडलं, हात वर. त्याने तबकडी काढली, वायर उपटली, शेवटी स्वतःचा चष्मा पुसला. मुलं तशीच. आजवर तपासलेल्या यंत्रांचा आकडा मनात येऊ पाहत होता, तो त्याने येऊ दिला नाही.

"मॅडम, जरा येता का?"

सुपरवायझर तेजस्विनी मॅडम जेवणाचा डबा हातात घेऊनच आल्या. "शून्य आहे ना?"

"शून्यच आहे."

"मग अडलंय कुठं?"

"वायर काढलीय, तरी चित्र चाललंय."

"चला, वीज वाचली! सहादूभाऊ, लेझर किती बाहेर यावा एवढंच नियमात लिहिलंय. आत कोण बसलंय, ते नाही. करा सही, टेम्पोवाला बोंबलतोय."

सहादूने वही ओढली. पुढच्या बाकावरची दोन वेण्यांची मुलगी मनगटाने डोळे पुसत होती. त्याने 'नापास' लिहिलं आणि कारणाच्या रकान्यात, बराच विचार करून, नीट अक्षरात लिहिलं: आतल्यांना त्रास होतो.

"हे मी तपासणीला येणाऱ्या साहेबांना दाखवू? अहो, तुमचा सोमवार गेला!"

"गेला तर गेला, मॅडम. अकरा वर्षं काढली, अजून काढीन."

"आतल्यांना म्हणे!" मॅडम फणकाऱ्याने पडद्यापुढे वाकल्या, आणि बराच वेळ वाकलेल्याच राहिल्या. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "झाकण लावा ना आधी. लहान आहेत हो."

सहादूने झाकण लावलं. मॅडमनी त्याच्या सहीखाली आपली सही केली आणि टेम्पो रिकामा पाठवायला सांगितला.

तेवढ्यात वर्गातल्या बाई उठून पुढे आल्या. सहादूकडे न बघता त्यांनी काचेला आतून एक पिवळा कागद चिकटवला. या बाजूला नुसती कोरी पाठ आली. मुलांनी तो मोठ्याने वाचला असावा, कारण सगळ्यांचे ओठ एकदम हलले. मग त्यांनी आपापले बाक उचलले आणि त्या दोघांपासून जितके लांब नेता येतील तितके, पार मागच्या भिंतीपाशी नेऊन ठेवले.