नवव्या मिनिटाला

जवळ या, अगदी पुढे येऊन बसा. मागे बसलात तर पंख्यांच्या घरघरीत माझा आवाज बुडेल. दोन सख्ख्या भावांची गोष्ट सांगतो. लहानशीच आहे.

अण्णाने सातव्यांदा संगणक बंद करून चालू केला आणि डिलीटचं बटण असं बडवलं, की शेजारच्या पेल्यातला चहा हिंदकळला. पडद्यावर सेटिंगचं पान उघडलं. प्रोसेसरचा वेग त्याने पुन्हा चढवला, व्होल्टेज चिमूटभर वाढवलं आणि मदरबोर्डने प्रोसेसरला जास्तीत जास्त किती वॅट द्यायचे, त्या रकान्यात मावेल तेवढा मोठा आकडा ठोकला.

"घे म्हणावं. खा पोटभर."

धाकटा पलीकडच्या टेबलाशी पाठमोरा बसला होता.

"अण्णा, प्रोसेसरवरची उष्णता ओढणारी पेस्ट बदलून पाहिलीस?"

"दोनदा. आता काय त्याला मालिश करू?"

दोघांचं कामच असं. आर्किटेक्टने कागदावर काढलेली इमारत हे संगणकावर उभी करायचे आणि तिच्यातून फिरवून आणणारी फिल्म बनवायचे. या खेपेला इस्पितळाची इमारत होती, आजवरचं सर्वांत मोठं काम, आणि ते संध्याकाळी पाचला द्यायचं होतं. अजून फिल्ममधली सहाशे चित्रं निघायची होती. वेग टिकला तर अडीच-तीन तासांचा मामला. न टिकला तर मध्यरात्र.

पण अण्णाचा जीव टांगला होता तो निराळ्याच कारणाने. आठवड्यापूर्वी धाकट्याला एका मोठ्या कंपनीचं बोलावणं आलं होतं. "आपल्या मशीनवर मोठी कामं निघत नाहीत, अण्णा," एवढंच तो म्हणाला, आणि ते अण्णाला मिरचीसारखं झोंबलं. "याच डब्यावर हे काम पाचच्या आत काढून दाखवतो. मग तू त्यांना 'नाही' म्हणून कळवायचं. ठरलं?" धाकट्याने मान हलवली होती. त्याच दिवशी अण्णाने प्रोसेसरवरचा जुना ढब्बू पंखा उपटून पाण्याने थंड करायची नवी जोडणी बसवली होती.

तरी नवव्या मिनिटाला घात व्हायचा. पाच गिगाहर्ट्झवर दौडणारा वेग धाडकन दोनवर यायचा, आणि पंधरा सेकंदांत निघणारं चित्र मिनिटभर रेंगाळायचं. बरं, प्रोसेसरचं तापमान बघावं तर अडुसष्ट अंश, म्हणजे ठीकच. अंगात ताप नाही आणि तरी गडी अंथरूण धरतोय! अण्णाने व्होल्टेज उतरवलं, तर पडदाच निळा पडला. परत चढवलं. नववं मिनिट आलं, वेग कोसळला.

"मेल्या, दुखतंय कुठे ते तरी सांग!" अण्णा डब्यावर खेकसला.

"कोणाला एवढं प्रेमाने विचारताय?" दारातून वहिनी आत आली. ती इस्पितळात परिचारिका. सकाळची पाळी संपवून थेट इकडेच आली होती. दोन वाजत आले होते.

"तुझ्याकडे यावर औषध नाही."

"बघू तरी रोगी."

डब्याची बाजू उघडीच होती. तिने सवयीने बोटांची मागची बाजू आत नेली आणि झटकन काढली.

"अहो, चटका बसला की!"

"कुठे? प्रोसेसर तर थंड आहे."

"तो कुठे असतो मला काय ठाऊक? हे इथलं तापलंय."

अण्णा वाकला. ती दाखवत होती प्रोसेसरच्या शेजारचा धातूचा ठोकळा. त्याच्याखाली ओळीने बसलेले तुकडे प्रोसेसरला सोसेल अशी वीज करून देतात. अण्णाच्या डोक्यात उजेड पडला. जुना पंखा वारा घालायचा तो प्रोसेसरवर, पण उरलेला वारा या शेजाऱ्यांना मिळत होता. नव्या जोडणीने प्रोसेसरचं भलं केलं आणि शेजारी उघड्यावर पडले. ते भाजू लागले, की मदरबोर्ड आपला जीव वाचवायला प्रोसेसरचा वेग आवळत होता. आणि अण्णा सकाळपासून एकाच आकड्याकडे टक लावून बसला होता.

"पंखा! लहानसा पंखा हवा इथे. बांधू सुतळीने, काहीही करू..."

धाकटा उठला. त्याने आपल्या टेबलाचा खालचा खण ओढला आणि तळहाताएवढा पंखा काढला. त्याला ॲल्युमिनियमची वाकवलेली पट्टी होती. मदरबोर्डच्या कोपऱ्यातल्या दोन स्क्रूंवर ती अशी बसली, जशी तिथेच जन्मली असावी.

नववं मिनिट गेलं. दहावं गेलं. विसावंही. वेग जागचा हलला नाही.

"निघालं की हो काम!" वहिनी हात धुवायला गेली.

अण्णा हसत डब्यात डोकावला आणि त्याची नजर पट्टीवर अडली. पेन्सिलच्या खुणा होत्या. भोकं मोजून पाडलेली, कडा कानशीने घासून गुळगुळीत. असली पट्टी उभ्या उभ्या होत नाही. एक अख्खी संध्याकाळ जाते.

म्हणजे याला ठाऊक होतं. उपाय करून खणात ठेवला आणि सकाळपासून पेस्टची चौकशी करत बसला.

अण्णाच्या ओठांवर शिवी आली. "अरे, तू..."

धाकट्याने माउस उलटा करून नखाने साफ करायला घेतला होता. त्याचे कान लाल झाले होते. अण्णाने तोंड मिटलं.

पाचला दहा मिनिटं कमी असताना फिल्म गेली. 'मिळाली, छान' असं उत्तरही आलं.

"चला," धाकटा पडद्याकडे बघत म्हणाला, "त्यांना 'नाही' म्हणून कळवून टाकतो."

"रुजू कधी व्हायचंय?"

"अण्णा, आपलं ठरलं होतं."

"ठरवलं मी. तू नुसती मान हलवलीस."

अण्णाने खुर्ची त्याच्या टेबलाशी ओढली.

"ती पट्टी वाकवलीस कशी, तेवढं दाखवून जा. पुढची मला करायला यायला हवी."

एवढीच गोष्ट. आता एक मागणं. देवापुढे हात जोडाल, घरच्यांची नावं घेऊन होतील, तेव्हा या धाकट्यालाही एकदा आठवा. त्याला जातो म्हणायचं होतं, राहतोही म्हणायचं होतं, दोन्ही तोंडातून निघेना, आणि हाताशी होती एक कानस.