लॅपटॉपच्या नावावरची लाईन

सोमवारी, दसऱ्याच्या दिवशी, सकाळी अकरा वाजता मंचरच्या औटी बिल्डिंगमध्ये फायबरची लाईन सुरू झाली. भिंतीवरच्या पांढऱ्या डब्याला झेंडूचा हार घातलेला होता. डब्यावरचा हिरवा दिवा लागला, नारळ फुटला आणि बिल्डिंगचे मालक हौशीराम औटी यांनी नातीच्या लॅपटॉपवर पहिलं पान उघडलं. पान कांद्याच्या बाजारभावाचं होतं. एका स्थानिक साप्ताहिकाच्या वार्ताहराने फोटो घेतला. पेढे वाटले गेले.

बिल्डिंगमधल्या ज्या संगणक क्लाससाठी ही लाईन आली होती त्याच्या चालक कल्याणी भालेराव तेव्हा तिथे नव्हत्या. विजयादशमीची वंदना होती म्हणून त्या निरगुडसरच्या विहारात होत्या. लाईन दुपारी जोडायची असं कंपनीच्या माणसाशी बोलणं झालेलं होतं. दुपारी त्या आल्या तेव्हा हार सुकायला लागला होता, लॅपटॉप आणि पाहुणे निघून गेले होते आणि कंपनीचा सोपान जिन्यात बसून उरलेला पेढा खात होता.

कल्याणीने बाहेरची वायर आपल्या फायरवॉलच्या मशिनला लावली. काही आलं नाही. मशिन बंद करून पुन्हा चालू केलं. तरी नाही.

"ताई, ते आता लागायचं न्हाई," सोपान दारातून म्हणाला.

"का?"

"लॅपटॉप पहिला लागला ना."

कंपनीची पद्धत अशी होती. प्रत्येक नेटवर्क कार्डाला कारखान्यातच एक क्रमांक पडलेला असतो. नव्या लाईनवर जे यंत्र पहिल्यांदा येईल त्याचा क्रमांक कंपनीच्या पुण्यातल्या मशिनमध्ये नोंदला जाई आणि त्यानंतर त्या लाईनवर फक्त त्याच यंत्राला इंटरनेट मिळे. शेजाऱ्याने फुकट वायर ओढू नये म्हणून ही व्यवस्था होती. औटी बिल्डिंगची लाईन अशा रीतीने श्रेया औटीच्या लॅपटॉपच्या नावावर लागली होती. श्रेया सुट्टी संपवून त्याच संध्याकाळी बंगळुरूला निघणार होती. लॅपटॉपही.

"मी तुला थांब म्हणाले होते, सोपान."

"मी थांबलो व्हतो. तात्या म्हणाले, मुहूर्त थांबत नाय. भिंत त्यांची, गच्ची त्यांची. मी काय करू?"

"मग नुसता दिवा लावायचास. मशिन कशाला जोडलं?"

"पान दिसल्याबिगर उद्घाटन झालं असं कोन म्हनतंय, ताई? फोटोत काय दिवा दाखवायचा?"

"बरं. आता सोडव."

"ते पुन्यातनं व्हतं. मला नुसता डबा भिंतीला मारायचा अधिकार." त्याने कागदाने हात पुसला. "आमच्या डब्यातच फायरवॉल असती बघा. तेच वापरा की. कशाला तो खोका?"

तो खोका म्हणजे एक जुना पेंटियम होता. त्याच्या एका बाजूचा पत्रा कधीच हरवलेला होता. आत दोन नेटवर्क कार्डं होती, एक बाहेरच्या लाईनसाठी आणि एक क्लासच्या संगणकांसाठी. मधे कल्याणीने बसवलेला फायरवॉलचा प्रोग्रॅम काय आत येऊ द्यायचं आणि काय नाही ते ठरवायचा आणि त्याची नोंद ठेवायचा. जुन्या टेलिफोन लाईनवर तो दोन वर्षं बिनतक्रार चालला होता. लाईन मात्र चालत नव्हती. अर्धा दिवस जोडणी तुटलेली असे.

संगणक परीक्षा घेणाऱ्या मंडळाने केंद्र देताना दोन अटी घातल्या होत्या. लाईन जोराची हवी, आणि राउटर व फायरवॉल केंद्राचा स्वतःचा, केंद्रचालकाच्या ताब्यातला हवा. परीक्षेच्या वेळी मंडळाचा पत्ता सोडून बाकी सगळं बंद, आणि ते बंद असल्याचा पुरावा. कंपनीच्या डब्याचा पासवर्ड कंपनीकडे असे, त्यामुळे तो मंडळाला चालत नव्हता. तपासणी गुरुवारी होती.

कल्याणीची अडचण कागदापुरती नव्हती. उन्हाळ्यात प्रवेश देताना तिने घरोघर जाऊन सांगितलं होतं की परीक्षा मंचरलाच होईल. केंद्र मिळालं नाही तर परीक्षा पुण्यात, सकाळी लवकर, म्हणजे आदल्या दिवशी मुक्काम. क्लासमधल्या निरगुडसरच्या आरतीची सासू ठमाबाई तेव्हाच म्हणाली होती, "मंचरला असंल तर बस म्हनावं. पुन्याला मुक्कामाला मी धाडायची न्हाई. तान्हं पोर हाय घरात." आरतीसारख्या आणखी होत्या. निम्म्या तरी मुली पुण्याला जाणार नव्हत्या, हे कल्याणीला ठाऊक होतं.

मंगळवार फोनवर गेला. कंपनीच्या नंबरावर आधी गाणं लागे, मग हिंदीतून एक बाई सांगे की आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, मग पुन्हा गाणं. दुपारी भारनियमनात वीज गेली तरी मोबाईल कानाला होता. शेवटी एक मुलगा बोलला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, कनेक्शन कुणाच्या नावावर आहे. ते हौशीराम औटींच्या नावावर होतं, कारण पत्त्याच्या पुराव्याला बिल्डिंगचं वीजबिल जोडलं होतं. मग त्यांच्याच सहीचा अर्ज लागेल, मुलगा म्हणाला. आणि आणखी काही मदत हवी आहे का, असंही त्याने विचारलं.

बुधवारी सकाळी कल्याणी हौशीरामांच्या गावी, राजुरीला गेली. हौशीराम बागेत होते. द्राक्षाची छाटणी चालू होती. बाया-माणसं कात्र्या घेऊन ओळीने काड्या कापत होती आणि हौशीराम मधे उभे राहून, कुणी विचारलेलं नसताना, कुठे कापायचं ते सांगत होते.

"या मॅडम. पेपरात आलं, बघितलं का? रंगीत छापलाय फोटू."

"बघितला, तात्या. छान आलाय. इथे एक सही हवी होती. लाईन मोकळी करायचा अर्ज आहे."

"मोकळी? बंद पडली का काय?"

"बंद नाही. श्रेयाच्या लॅपटॉपवर अडकलीय. तो काढला की माझ्या मशिनला लागेल."

"म्हंजी श्रेयाचं नाव काढायचं."

"नाव नाही हो. नंबर."

"तेच की." हौशीरामांनी हातातली काडी खाली टाकली. "परवा हार घातला, पेढं वाटलं, पेपरात आलं. आन् आज मीच लिवून द्यायचं का, की काढा म्हून? दिवाळी हू दे. मग काय काढायचं ते काढ."

"तपासणी उद्या आहे, तात्या."

"मग त्यांचा डबा हाय ना भिंतीला? त्यातनंच चालव. सोपान म्हनला, त्यात समदं असतंय."

"त्याची चावी कंपनीकडे असते. तुम्ही बंगल्याला कुलूप लावून चावी शेजाऱ्याकडे द्याल का?"

"देतोच की. म्हशीची धार काढाया तोच येतो."

कात्र्या थांबल्या. ओळीतल्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. कल्याणीही हसली, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

"असं कर," हौशीराम जरा नरमले. "श्रेयालाच फोन लाव. लॅपटॉप तिचा हाय, ती हुशार हाय. तिनं काय वाट काढली तर माझी ना न्हाई. पन सही दिवाळीनंतर."

श्रेयाने पहिल्याच रिंगला फोन उचलला. तिला प्रकार समजायला वेळ लागला नाही. "अय्या, माझ्यामुळे? आजोबांनी मला नुसतं 'हे लाव' म्हटलं, मी लावलं. ताई, सोपं आहे. मी माझा नंबर वाचते, तुमच्या फायरवॉलच्या बाहेरच्या कार्डाला तोच द्या. कंपनीला वाटेल लॅपटॉपच आहे."

"ते माहीत आहे गं मला."

"मग? सगळे करतात."

कल्याणीला हा मार्ग सोमवारीच सुचला होता. तिने तो बाजूला ठेवला होता. आता मंचरच्या बसमध्ये उभी राहून तिने श्रेयाने वाचलेला क्रमांक मुठीत पेन धरून तिकिटाच्या मागे लिहून घेतला. संध्याकाळी इन्व्हर्टरवर मशिन चालवून तो फायरवॉलमध्ये भरला. मंडळाचं पान लगेच उघडलं, इतकं लगेच की तिला वाटलं जुनंच पान समोर राहिलंय. तिने पुन्हा उघडून पाहिलं. मग बाकीचं सगळं बंद आहे ना ते एकेक करून तपासलं. बंद होतं. ती खुर्चीत तशीच बसून राहिली. खाली हायवेवर बटाट्याचे ट्रक हॉर्न वाजवत एकामागे एक तुंबलेले होते.

गुरुवारी मंडळाचे तपासनीस उशिरा आले. मंचरच्या चौकातच त्यांची गाडी बराच वेळ अडकली होती. पन्नाशीचे गृहस्थ होते. शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. त्यांनी आधी पाणी मागितलं, मग बाकीची केंद्रं कशी होती ते सांगायला सुरुवात केली आणि मधेच सोडून दिलं.

त्यांनी एका संगणकावर मेलचं पान उघडून पाहिलं. उघडलं नाही. दुसऱ्यावर गाण्यांचं पान. तेही नाही. मंडळाचं पान उघडलं. नोंदी मागितल्या, त्या मिळाल्या. "स्वतः बसवलंय?" त्यांनी विचारलं. कल्याणी हो म्हणाली. "चांगलं चाललंय," ते म्हणाले.

मग त्यांनी बॅगेतून छोटी बॅटरी काढली. फायरवॉलच्या बाहेरच्या कार्डाचा क्रमांक त्यांच्या तक्त्यात भरायचा होता. मशिनला पत्रा नसल्याने कार्डावरचं लेबल सरळ दिसत होतं. त्यांनी ते वाचलं, पडद्यावर पाहिलं, पुन्हा लेबलावर उजेड टाकला.

"हे जुळत नाही."

कार्ड बदललं, असं म्हणता आलं असतं. लेबल दुसऱ्याच कार्डाचं आहे, असंही.

"पडद्यावरचा नंबर एका लॅपटॉपचा आहे, सर," कल्याणी म्हणाली आणि तिने दसऱ्यापासूनची सगळी हकीकत सांगितली. हाराचीसुद्धा.

तपासनीसांनी बॅटरी विझवली. "अहो मॅडम, कशाला सांगितलंत? मी पुढचा कॉलम लिहायला घेतला होता." ते खरंच वैतागले होते. "आता मला दोन्ही नंबर लिहावे लागणार."

"पण तो लॅपटॉप इथे नाहीच, सर. तो बंगळुरूला गेलाय. दोन्ही एका वेळी लाईनवर येऊच शकत नाहीत."

"ते कळतं मला. पण दुसऱ्याच्या ओळखपत्रावर आलेल्या पोराला तुम्ही परीक्षेला बसू देता का?"

"नाही."

"झालं तर मग. माझ्या वरचा हेच विचारणार." त्यांनी रिकामा ग्लास सरकवला. "कंपनीचं पत्र आणा, लाईन तुमच्याच कार्डावर नोंदली म्हणून. शनिवारी संध्याकाळपर्यंत अहवाल माझ्याकडे ठेवतो. त्यापुढे मला ठेवता यायचा नाही."

हौशीराम त्याच दुपारी आपण होऊन जिना चढून वर आले. साहेब काय म्हणाले ते त्यांना ऐकायचं होतं. फोटो त्यांनी साहेबांना दाखवण्यासाठी बरोबर आणला होता, घडी घालून, खिशात. कल्याणीने जे झालं ते सांगितलं.

"म्हंजी पुन्याच्या कागदावर श्रेयाचा लॅपटॉप आला?"

"नंबर आला. दुसऱ्याचं यंत्र म्हणून."

"खोटं म्हून?"

"जुळत नाही म्हणून, तात्या."

"तेच की." त्यांनी डब्याकडे पाहिलं. हार अजून तसाच होता. "लग्नाची पोर हाय राव ती. कुठं कुठं नाव जातंय तिचं. दे तो अर्ज. आधी का न्हाई बोलली?"

"काल बोलले होते."

"काल छाटनी व्हती," हौशीराम म्हणाले आणि सही केली.

अर्ज गुरुवारी संध्याकाळी चौकातल्या दुकानातून पुण्याला फॅक्स झाला. शुक्रवारी गांधी जयंतीची सुट्टी होती. कंपनीच्या नंबरावर फक्त गाणं वाजत राहिलं. आरती क्लासला आली तेव्हा सहज विचारल्यासारखं म्हणाली, "मॅडम, हॉलतिकिटावर मंचरच येणार ना? आत्याबाई रोज इचारत्यात." कल्याणीने तिला सरावाचा पेपर दिला.

शनिवारी दुपारी मोबाईलवर कंपनीचा संदेश आला. आपली तक्रार सोडवण्यात आली आहे, असं त्यात लिहिलं होतं.

कल्याणीने जेवण अर्धवट सोडून फायरवॉलमधून श्रेयाचा क्रमांक काढला आणि कार्डाचा स्वतःचा घातला. पान उघडलं नाही. डब्याची वीज काढून पुन्हा दिली. उघडलं नाही. श्रेयाचा क्रमांक परत घातला, आणि मंडळाचं पान लगेच उघडलं.

या वेळी फोन लवकर लागला. मुलगी मराठी बोलणारी होती, आवाज दमलेला होता.

"मॅडम, तुमची लाईन तर मला इथून चालू दिसतेय."

"कुठल्या नंबरावर?"

"तो मला दिसत नाही. चालू दिसते म्हणून तक्रार बंद झाली. परत नोंदवू का?"

"आणि पत्र?"

"पत्राचा विभाग सोमवारी उघडेल."

कल्याणीने तक्रार परत नोंदवायला सांगितली. मग तपासनीसांना फोन लावला. तो वाजला, पण कुणी उचलला नाही. थोड्या वेळाने पुन्हा लावला, तेव्हा बंद होता. अहवाल गेला की अजून त्यांच्या बॅगेत आहे हे शनिवारी कळू शकलं नाही. मंडळाच्या पानावर केंद्रांच्या यादीत मंचरपुढे 'विचाराधीन' असं लिहिलेलं होतं, आणि ते पान त्या संध्याकाळपर्यंत श्रेया औटीच्या लॅपटॉपच्या क्रमांकावरूनच उघडत होतं.