पान सदतीसची झेरॉक्स

मित्रांनो, मी एक जुनी झेरॉक्स आहे. अस्सल कागदाला लोक लोखंडी कपाटात ठेवतात, आमच्यात भेळ बांधतात. तरी माझी गोष्ट ऐका, कारण माझ्या भरवशावर एका बाईनं तीन वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या.

माझा जन्म चाकणच्या एका चौकात, भैरूच्या दुकानात झाला. माझी आई म्हणजे एका कारखान्याच्या शिफ्ट रजिस्टरचं पान सदतीस. तिच्यावर लिहिलं होतं, 'प्रेस नंबर चार. सेन्सर बंद करून चालू केली. मॅनेजर साहेबांचा आदेश.' आत माणसाचा हात असला की पत्रा दाबणारी ती प्रेस थांबावी, म्हणून तो सेन्सर असतो. पण प्रेस सारखी थांबली तर माल कमी निघतो ना! त्याच दिवशी युसुफ नावाचा ऑपरेटर अडकलेला पत्रा काढायला आत वाकला आणि प्रेस खाली आली. माल मात्र वेळेवर रवाना झाला.

दुसऱ्या दिवशी साहेब लोक पोलिसांच्या चौकशीत अडकलेले असताना युसुफचा कारखान्यातलाच दोस्त गोरक्ष यानं ते रजिस्टर डब्याच्या पिशवीतून बाहेर आणलं. पानाच्या तळाशी एक सही होती. भैरूनं झाकण उघडलं, तशी गोरक्षनं त्या सहीवर कोऱ्या कागदाची पट्टी ठेवली.

"एवढं दिसाया नको," तो म्हणाला.

भैरूला त्याचं नवल वाटलं नाही. मार्कशीटवरचे नापास विषयसुद्धा लोक असेच झाकतात. मी गरमागरम बाहेर आले, ती तळाशी तुटलेल्या रेघा घेऊनच.

मग गोरक्षनं काय करावं? अस्सल रजिस्टर जिथून उचललं होतं तिथंच नेऊन ठेवलं! बारा वर्षांची सवय, कंपनीचा स्क्रूसुद्धा घरी न्यायचा नाही. असल्या इमानदारीला ओवाळावं की चपलेनं हाणावं, तुम्हीच ठरवा. संध्याकाळपर्यंत रजिस्टर गायब झालं.

मला त्यानं युसुफच्या बायकोच्या, बिल्किसच्या हातात दिलं. "वहिनी, जपा. ह्याच्यातच समदं हाय." तिनं मला प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून युसुफच्या लग्नातल्या शेरवानीच्या घडीत ठेवलं. एवढे लाड माझे पुन्हा कुणी केले नाहीत.

खटला उभा राहिला. निष्काळजीपणानं जीव घेतल्याचा आरोप मॅनेजरवर होता. सरकारी वकिलांनी मूळ रजिस्टर मागितलं, तर कंपनी म्हणाली, असं रजिस्टर कधी नव्हतंच. तेव्हा न्यायाधीशांनी मला दुय्यम पुरावा म्हणून पुढे आणायची परवानगी दिली. बिल्किस आनंदानं रडली. वेडी! परवानगी म्हणजे नुसतं दारात उभं राहणं. मूळ पान ज्यानं पाहिलं त्यानं शपथेवर सांगायला हवं होतं, की ही हुबेहूब त्याचीच प्रत आहे. भैरूच्या हाताखालून रोज शेकडो पानं जातात, त्याला काय आठवणार? असा माणूस एकच होता.

गोरक्ष पिंजऱ्यात उभा राहिला. बचावाच्या वकिलांनी मला उजेडाकडे धरलं.

"या रेघा इथे तुटल्यात. काय झाकलं होतंत?"

गोरक्ष पिंजऱ्याचा कठडा बोटानं पुसू लागला.

"झाकलं असेल तर काय झाकलं ते सांगा. नसेल तर रेघा कुठे गेल्या? बोला."

मला ठाऊक होतं. ती सही गोरक्षचीच होती. मॅनेजरच्या हुकमावरून सेन्सरची वायर त्यानंच काढली होती. खरं बोलला असता तर मी पुराव्यात गेले असते आणि तो आरोपींत. शिवाय गेल्याच महिन्यात कंपनीनं त्याला सुपरवायझर केलं होतं.

त्यानं मागच्या बाकाकडे पाहिलं. बिल्किस हात जोडून बसली होती.

"न्हाई साहेब," तो म्हणाला. "काय झाकलं न्हाई. मी त्ये पान नीट बघितलंच न्हवतं."

झालं. माझ्यावर शेरा पडला, प्रत शाबीत नाही. पुराव्याअभावी मॅनेजर सुटला, आणि त्यानं दारातच पेढे वाटले.

मी कारकुनाच्या टेबलावर पडले होते. तिथून व्हरांडा दिसत होता. गोरक्षनं बिल्किसला पाण्याची बाटली दिली.

"वहिनी, लई प्रयत्न केला."

"तुमी होता म्हणून इथवर आले, भाऊ," ती म्हणाली. "बाकी सगळे पळाले. ईदला घरी या. आता मला भाऊ म्हणून तुमीच."

"येतो," गोरक्ष म्हणाला.

आणि तो गेलासुद्धा. निकालाची नक्कल मागायला आली तेव्हा बिल्किस कारकुनाला कौतुकानं सांगत होती, भाऊ दोन वाट्या शीरखुर्मा खाऊन गेले म्हणून.

मित्रांनो, कागद जपा, असं सांगून आम्ही कागद आपली कहाणी संपवतो. मी तसं सांगणार नाही. मला जपण्यात त्या बाईनं कसूर केली नव्हती. माझं एवढंच मागणं आहे, की झेरॉक्स काढाल तेव्हा पान पुरतं काढा. आणि तेवढी छाती नसेल, तर निदान त्या घरी जेवायला जाऊ नका.