टाकीच्या तोंडावरचा माणूस

खरेदी विभागाच्या साहेबांनी भिंतीवरच्या पडद्यावर कॅमेऱ्याचं चित्रण लावलं आणि वहिनीच्या डोक्यात तिडीक गेली. तेलाच्या त्या कारखान्यात जमिनीत पुरलेल्या टाक्या साफ करायचा ठेका तिचा होता. तिच्या माणसांपासून गेटवरच्या पहारेकऱ्यापर्यंत सगळे तिला वहिनीच म्हणत. फक्त या गारेगार खोलीत ती 'मॅडम' व्हायची, आणि मॅडम म्हटलं की पाठोपाठ दर कमी करा हे आलंच.

पडद्यावर तिचाच नवरा होता. टाकीच्या तोंडाशी उपड्या बादलीवर बसलेला, मनगटाला दोर गुंडाळलेला आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू. चित्रणाला आवाज नव्हता.

"बघितलंत?" साहेब म्हणाले. "सकाळपासून हा गृहस्थ नुसता बसून गप्पा ठोकतोय. आणि तुमच्या दरपत्रकात याची मजुरी पूर्ण! आत उतरणाऱ्याचा दर एक वेळ समजू शकतो मी. याला कशाचे पैसे द्यायचे?"

"बसण्याचे आणि बोलण्याचे," वहिनी म्हणाली.

टेबलाशी बसलेले आणखी दोघे अधिकारी फिस्सकन हसले. वहिनीला वाटलं, या दोघांची बखोटी धरावीत आणि यांनाच टाकीत उतरवावं. पण घरची चूल या ठेक्यावर होती, म्हणून तिनं राग गिळला आणि समजावून सांगितलं. आतला गाळ ढवळला की विषारी वायू सुटतो. कधी वास येतो, कधी येतही नाही. कसंतरी होतंय म्हणेपर्यंत माणूस आडवा झालेला असतो. म्हणून वरचा बोलत राहतो आणि आतला ओ देत राहतो. ओ आली नाही की दोर ओढायचा, विचार करत बसायचं नाही.

"त्यासाठी यंत्र मिळतं हो, मॅडम."

"आहे ना यंत्र. आतल्याच्या कमरेलाच असतं. यंत्र बोंबलतं साहेब, पण वर ओढत नाही."

"ठीक आहे, मग वरच्याला अर्धा दर लावू. दोर धरायला असं काय कौशल्य लागतं?"

"जेवणानंतर दोघं जागा बदलतात," वहिनीचा आवाज आता चढला होता. "सकाळी आत असतो तो दुपारी वर बसतो. सकाळी तो पूर्ण माणूस आणि दुपारी अर्धा, असं का? आणि अर्ध्या दरानं बसवलेला माझ्या दिराला वर ओढणार आहे का? आत्ता या घटकेला माझा दीर आहे तुमच्या टाकीत."

"भावनेच्या भरात दर ठरत नसतात. दुसरी एजन्सी वरच्या माणसाशिवाय काम करायला तयार आहे. चांगली बचत होते त्यात."

"तोंडावर माणूस नको, एवढं तुमच्या सहीनं लिहून द्या. मग मीही तयार आहे."

साहेबांनी पेन उचललं नाही, पाण्याचा ग्लास उचलला. मग एकदम उठले. "चला, प्रत्यक्षच बघू. काय एवढं करतात तुमचे हे लोक!"

आवारात, टाकीत हवा सोडणारा पंखा घरघरत होता. नवरा बादलीवर बसून टाकीच्या भोकात बोलत होता. घरी याच बडबडीनं वहिनीचं डोकं उठायचं. 'रेडिओ' हे नाव तिनंच त्याला ठेवलेलं होतं. इथं मात्र त्याचं काम चालू असताना ती त्याच्याशी चकार शब्द बोलत नसे.

"आणि मामा काय, सायकलवरून थेट उकिरड्यात! तेही नवा सदरा घालून!"

"हं! मग?" खोलवरून दिराचा आवाज आला.

"नमस्कार," साहेब म्हणाले. रेडिओनं मान वळवली नाही. नुसता मोकळा हात वर केला आणि मामाला उकिरड्यातून बाहेर काढायला घेतलं.

"मी तुमच्याशी बोलतोय!"

मागून आलेल्या दोघा अधिकाऱ्यांसमोर ठेक्यावरचा एक माणूस आपल्याकडे बघतसुद्धा नाही, हे साहेबांना झोंबलं. वहिनी "अहो, नका!" म्हणेपर्यंत त्यांनी पुढे होऊन त्याचा खांदा धरला आणि त्याला आपल्याकडे फिरवलं. रेडिओचं वाक्य अर्ध्यात तुटलं.

"दादा?"

पंखा घरघरत राहिला.

"दादा! दादा, आहेस ना?"

आत फावडं आपटल्याचा आवाज झाला. दोराला जोराचा हिसका बसला. वरचा आवाज थांबला की वर ओढणारं कुणी उरलं नाही, असं धरून शिडीकडे धाव घ्यायची, असं या भावांचं आपसांत ठरलेलं होतं. आणि गाळात धावणारा माणूस घसरतोच. धप्पकन काहीतरी पडलं.

वहिनीनं साहेबांना कोपरानं बाजूला लोटलं. "आहे रे, आहे! आलो!" ओरडत रेडिओ दोर ओढायला लागला. तिनंही दोराला हात घातला. दीर वर आला तो मानेपर्यंत बरबटलेला. कपाळाला खोक पडली होती आणि भरल्या हातांनी त्यानं दादाचा पाय घट्ट धरला होता.

"का गप्प झालास रे?" त्याचे दात वाजत होते. "मला वाटलं, वर तूच गेलास. मला वाटलं..."

 रेडिओ नुसता भावाच्या डोक्यावरून हात फिरवत राहिला.

दोन पावलं मागे सरकून साहेब रुमालानं बाही पुसत होते. वहिनी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. ठेका गेला तरी जाऊ दे, आता तिला राग गिळायचा नव्हता.

"रुमाल ठेवा आणि इकडे बघा," ती म्हणाली. "मगाशी तेवढा वेळ टाकीच्या तोंडावर माणूस नव्हता. किती बचत झाली, ते सांगा त्याला."