तीन माणसं आणि एक दगड

"दगड घेतलास का?" एकोजीनं दारातून बायकोला विचारलं.

"घेतला की. धुऊन, हळद लावून." जयंतीनं पर्स थोपटली.

आतल्या खोलीत सरोजा पदराला पिन लावत होती. तिचा हात तिथंच थांबला. शुभकामाला तिघांनी मिळून निघायचं नाही, निघावंच लागलं तर चौथा म्हणून एक दगड बरोबर घ्यायचा, ही घरातली जुनी रीत. तंजावर सोडून अंबत्तूरला येऊन दोन पिढ्या झाल्या, तरी ती काही सुटली नव्हती. पण आज तिघं कुठं होती? भाऊ एकोजी, भावजय जयंती, धाकटा दीर उदयसिंह, आणि ती स्वतः. तिच्याच लेकीचं, रम्याचं, लग्न पक्कं करायला निघाले होते सगळे. नवरामुलगा उपेंद्र, त्याचे आईवडील त्यासाठी साताऱ्याहून अण्णा नगरला त्याच्या फ्लॅटवर आले होते. सरळसरळ चार डोकी होत होती. मग हा दगड कुणाच्या जागी?

ती बाहेर आली.

सरोजा अठ्ठावीस वर्षं नर्सची नोकरी करत होती. नव्या पोरींना ती दटावून शिकवायची, "डोक्याला मार लागलेल्या पेशंटच्या तीन गोष्टी बघा. बीपी चढतंय, नाडी मंदावतेय, श्वास अडखळतोय. एकटी एखादी दिसली तर लक्ष ठेवा. तिन्ही एकदम दिसल्या तर तो ट्रायड. मग कुणाला विचारत उभं राहायचं नाही, धावायचं."

हॉलमध्ये तिला तशाच तीन गोष्टी एकदम दिसल्या. एकोजी आपल्याच चपलांकडे बघत होता. उदयसिंहची नजर घड्याळावरून हटत नव्हती. आणि जयंती, जिच्या तोंडून वर्षभरात एक गोड शब्द निघाला नव्हता, ती लाडानं म्हणाली, "अक्का, तुम्ही ड्युटी करून दमलांत. पडा जरा. आम्ही जाऊन येतों."

"कधी ठरलं हे?"

जयंतीनं पर्सची चेन उघडून पुन्हा लावली.

"मी विचारते, कधी ठरलं? माझी पाठ फिरली तेव्हा?"

"वैनी, राग नका मानूं," उदयसिंह पुटपुटला. "पहिलंच जाणं. ते लोक कैसे, आपल्याला ठाऊक नाही. अस्के, सगळेच मोठे बसलेले असतील, त्यांच्यात तुम्ही..."

"विधवा. म्हण की! शब्द उच्चारला तर जीभ नाही झडत, उदय." सरोजाचा आवाज जिन्यापर्यंत गेला. "अकरा वर्षं त्या पोरीचा ताप, अभ्यास, कॉलेज मी एकटीनं ओढलं. तेव्हा किती माणसं आहेत ते मोजायला आला नाहीत कुणी. आज बरी मोजणी सुचली! आणि माझ्या जागी काय, तर दगड?"

"अय्यो, हळू, अक्का!" एकोजी पुढं झाला. "तुझ्या रम्यासाठीच ना हे? उद्या तिला त्या घरात नांदायचं. काही कमीजास्त झालं, तर लोक कुणाला बोल लावतील? तुलाच."

हे मात्र वर्मी लागलं. सरोजा खुर्चीची पाठ धरून उभी राहिली. खरंच काही झालं तर? क्षणभर तिला वाटलं, नकोच जायला. पण रम्या सकाळी इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात शिफ्टला निघताना काय म्हणाली होती? "अम्मा, मला उपेंद्र पसंत आहे. पण घर तू बघ. तुला पटलं तरच हो म्हण." तिनं मामाला सांगितलं नव्हतं, काकाला सांगितलं नव्हतं. आईला सांगितलं होतं.

सरोजानं चपला घातल्या, सगळ्यांच्या आधी जिना उतरली आणि गाडीत मागच्या सीटवर जाऊन बसली. एकोजी गाडी चालवायला बसला, उदयसिंह त्याच्या शेजारी, जयंती मागं. "उतर" म्हणायची छाती कुणाची झाली नाही.

थोडं पुढं गेल्यावर ती जयंतीला म्हणाली, "झालों ना चौघं? टाक तो दगड आता."

जयंतीनं पर्स छातीशी घट्ट धरली. "राहूं दे, अक्का. असला तर काय बिघडलं?"

सरोजाला आधी नुसतं हसू आलं, काय हा खुळेपणा! मग कळलं, आणि अंगाची लाही लाही झाली. ती शेजारी मांडीला मांडी लावून बसली होती, तरी यांच्या हिशेबी गाडीत तिघंच होती. तिघं आणि एक दगड.

"एकोजी, मोज रे," ती म्हणाली. "मोठ्यानं मोज. गाडीत माणसं किती?"

एकोजीनं हॉर्न वाजवला. पुढं कुणीही नव्हतं.

"लहानपणी बोटं धरून अंक मीच शिकवले होते तुला. विसरलास?"

त्याचे कान लाल झाले. त्यानं गाडीचा वेग वाढवला. उदयसिंह खिडकीबाहेर बघत राहिला. अण्णा नगर आलं, तरी जयंतीची पर्स छातीशीच होती.

सोसायटीच्या फाटकाशी वॉचमननं हात आडवा केला. "एत्तनै पेर, सार?" किती जण?

"मूणु पेर," एकोजी म्हणाला. तीन.

सरोजानं काच खाली केली. "नालु पेर!" तिनं असं ठणकावलं की पलीकडचा इस्त्रीवाला वळून बघायला लागला. "चार. नीट बघा."

म्हातारा वॉचमन गोंधळून वाकला. त्यानं आत डोकावून एकेकावर बोट रोखलं, ओण्णु, रेंडु, मूणु, आणि सरोजापाशी येऊन मान डोलावली. "आमा. नालु."

वही त्यानं एकोजीपुढं धरली होती. सरोजानं हात लांब करून ती मागं ओढून घेतली. नावाच्या रकान्यात पहिलं नाव स्वतःचं लिहिलं, नवऱ्याच्या नावासकट, पूर्ण. शेजारचा रकाना कशासाठी आलात याचा होता. तिथं तिनं लिहिलं, 'मुलीची आई', आणि पुढची नावं लिहायला वही जयंतीच्या मांडीवर ठेवली.